हिवाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह शहर पाहायला जायचंय? आधी सूर्यास्ताची वेळ बघा

डिसेंबर-जानेवारीत शहर पाहायला निघालेल्या कुटुंबाचे हाल थंडीने कमी होतात, चुकलेल्या वेळेच्या हिशेबाने जास्त. थंडीवर कपड्यांचा उपाय आहे. पण पावणेचारला अंधार पडतो किंवा ज्यासाठी एवढ्या लांब आलो ते संग्रहालय नेमकं आज बंद आहे, हे तिथे पोहोचल्यावर कळलं तर काहीच करता येत नाही. म्हणून या लेखात क्रम थोडा वेगळा आहे. आधी उजेड आणि बंद दिवस, मग तारखा आणि प्रवास, मग राहण्याची जागा, आणि त्यानंतर रोजचा कार्यक्रम. कपड्यांची खरेदी शेवटी केली तरी चालते.

पायरी १ : उजेडाचे तास मोजा

२१-२२ डिसेंबरच्या आसपास उत्तर गोलार्धात दिवस सर्वात लहान असतो, पण किती लहान हे शहरागणिक फार बदलतं. रेक्याविकमध्ये चार तासांहून थोडा जास्त उजेड मिळतो, स्टॉकहोममध्ये सुमारे सहा तास, लंडनमध्ये आठ तासांपेक्षा जरा कमी, पॅरिसमध्ये सव्वाआठ, रोममध्ये नऊ, न्यूयॉर्कमध्ये सव्वानऊ, टोकियोत पावणेदहा, दिल्लीत सव्वादहा, सिंगापूरमध्ये बारा. सिडनीत तर तेव्हा ऐन उन्हाळा असतो आणि रात्री आठपर्यंत उजेड असतो. तिथे जाणाऱ्यांनी हा लेख बाजूला ठेवून टोपी आणि सनस्क्रीनचा विचार करावा.

आता लंडनचं उदाहरण घेऊन हिशेब करू. सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि तीन वाजून पन्नास मिनिटांनी मावळतो. लहान मुलं बरोबर असली की नाश्ता, कपडे, बूट, शौचालय करून नऊ-साडेनऊच्या आत सहसा कुणी बाहेर पडत नाही. पहिल्या ठिकाणी पोहोचेपर्यंत सव्वादहा होतात. तिथून सूर्यास्तापर्यंत साडेपाच तास उरले. त्यातून जेवण आणि मध्येमध्ये ऊब घ्यायला आत बसण्याचे मिळून दोन तास वजा करा. हातात राहिले साडेतीन तास. म्हणजे उघड्यावरचं एक मोठं ठिकाण आणि वाटेतलं एखादं छोटं. उन्हाळ्यातल्या सहलीची तीन-चार ठिकाणांची यादी जशीच्या तशी उचलली तर ती इथेच कोसळते.

आणखी एक बारकावा. सर्वात उशिराचा सूर्योदय सर्वात लहान दिवशी नसतो, तो वर्षअखेरीस किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. संध्याकाळ मात्र तोपर्यंत लांबायला लागलेली असते. म्हणून नववर्षानंतर जाणाऱ्यांनी सकाळी घाई करू नये, दुपार थोडी ताणावी.

लवकर मावळणाऱ्या सूर्याचा एक मोठा फायदाही आहे. उन्हाळ्यात शहराची रोषणाई बघायला मुलांना रात्री दहापर्यंत जागवावं लागतं. हिवाळ्यात तीच रोषणाई साडेचार-पाचला दिसते आणि मुलं आठला अंथरुणात असतात. उंच मनोऱ्यावरून शहर पाहायचं असेल तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची वेळ घ्या. एकाच तिकिटात दिवसाचं, तांबूस आणि दिव्यांचं अशी तिन्ही शहरं दिसतात. फक्त हे तिकीट महिनाभर आधी काढू नका. हिवाळ्यात ढग आणि धुकं खाली उतरलं की वर गेल्यावर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. हवामानाचा अंदाज पाहून एक-दोन दिवस आधी काढणं बरं. शिल्लक राहत नाहीत अशी भीती असेल तर तारीख बदलता येणारं तिकीट घ्या.

पायरी २ : बंद दिवसांचा तक्ता

एका कागदावर सहलीच्या तारखा आडव्या लिहा आणि पाहायची ठिकाणं उभी. प्रत्येक ठिकाणाच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन तीन गोष्टी तपासा : आठवड्याची सुट्टी, सणाची सुट्टी आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ. नकाशाच्या ॲपवरच्या वेळांवर सणाच्या दिवसांत विसंबू नका, त्या बऱ्याचदा नेहमीच्याच दाखवल्या जातात.

आठवड्याची सुट्टी सगळीकडे सारखी नसते. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं आणि नदीपलीकडचं ऑर्से सोमवारी. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन बुधवारी, ताजमहाल शुक्रवारी. सणाचा घोळ त्याहून मोठा. लूव्र २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद असतं, ब्रिटिश म्युझियम २४ ते २६ डिसेंबर सलग तीन दिवस. टोकियोतली बरीच संग्रहालयं डिसेंबरचे शेवटचे काही दिवस आणि १ जानेवारीला बंद असतात. उलट ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं, त्यामुळे तिथे २५ तारीख वाया जात नाही. असा एखादा ‘नक्की उघडा’ पर्याय प्रत्येक शहरात शोधून तो सणाच्या दिवसासाठी राखून ठेवा.

वाहतूकही तपासाच. लंडनमध्ये २५ डिसेंबरला भुयारी रेल्वे, शहरबस, काहीच धावत नाही. त्या दिवशी उतरणाऱ्या कुटुंबाला विमानतळावरून आधी ठरवलेल्या गाडीशिवाय गत्यंतर नसतं. जर्मनीत २४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात, ती २५ आणि २६ या दोन्ही दिवशी उघडत नाहीत. २७ रविवार आला तर सलग तिसरा दिवस. दूध, पाव, फळं, डायपर २४ च्या सकाळी घरात हवेत.

ज्या कारणासाठी जातोय ते त्या तारखेला तिथे आहे का, हेही बघा. नाताळचे बाजार बघायला २६ तारखेला जर्मनीत पोहोचणारी माणसं दरवर्षी दिसतात. तिथले बहुतेक बाजार २३-२४ डिसेंबरला आवरतात. न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध बाजारही २४ ला संपतो. बाजार बघायचे तर डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जायला हवं. याउलट स्पेनमध्ये सण ६ जानेवारीपर्यंत चालतो. ५ तारखेच्या संध्याकाळी तिथे बाल येशूला भेटी आणणाऱ्या तीन राजांच्या मिरवणुका निघतात आणि मुलांसाठी तो वर्षातला फार मोठा दिवस असतो.

पायरी ३ : तारखा आणि प्रवास

शहर-सहलीसाठी चार रात्री हे माप चांगलं. तीन पूर्ण दिवस मिळतात. त्याहून कमी असेल तर येण्या-जाण्यातच शीण होतो. सहा-सात रात्री असतील तर मध्ये एक दिवस काहीही न ठरवता मोकळा ठेवा.

२६ डिसेंबर ते १ जानेवारी हा साधारणपणे सर्वात महाग आणि गर्दीचा काळ. शाळेची सुट्टी परवानगी देत असेल तर २ जानेवारीनंतर निघा. ६ जानेवारीची सुट्टी असलेल्या स्पेन-इटलीसारख्या देशांत मात्र गर्दी ७ नंतर ओसरते. ३१ डिसेंबरच्या रात्री मध्यवर्ती भाग बघायला लहान मुलांना नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठ्या शहरांत संध्याकाळपासून रस्ते अडवले जातात, काही ठिकाणी तासन्‌तास एकाच कुंपणात उभं राहावं लागतं. बाहेर पडलात तर परत आत घेत नाहीत आणि शौचालय जवळ नसतं. त्या रात्रीसाठी खिडकीतून आकाश दिसणारी, मध्यापासून थोडी लांबची जागा उत्तम.

परदेशी जात असाल तर पासपोर्ट आजच उघडून बघा. पुष्कळ देशांना पोहोचल्यापासून सहा महिने वैधता लागते. शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या) देशांसाठी परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने आणि पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला असावा लागतो. मुलांचे पासपोर्ट कमी वर्षांसाठी मिळतात, त्यामुळे मोठ्यांचे शाबूत आणि धाकट्याचा संपलेला असं होतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवसांच्या आत आल्यावर उशीर झालेला असतो. डिसेंबरच्या अर्जांना गर्दी असते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वेळ घ्या. आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलांना नेत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र बरोबर ठेवा.

विमान किंवा गाडी निवडताना पोहोचण्याची वेळ दुपारी दोनच्या आतली बघा. अंधारात, अनोळखी रस्त्यावर, पेंगुळलेली मुलं आणि चार बॅगा घेऊन घर शोधणं ही सहलीची सर्वात वाईट सुरुवात. धुकं आणि बर्फामुळे हिवाळ्यात उशीर होतोच. दिल्लीसारख्या ठिकाणी पहाटेचं धुकं सकाळची सगळी उड्डाणं मागे ढकलतं, तिथे दुपारचं विमान घ्यावं. जोडविमान असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं उशिरा पोहोचून दुसरं चुकलं तर पैसे तुमचे जातात. मध्ये तीन तासांचं अंतर कंटाळवाणं वाटलं तरी ठेवा.

पायरी ४ : राहण्याची जागा

हिवाळ्यात हॉटेल हे फक्त झोपायचं ठिकाण नसतं. दुपारी परत येऊन पाय गरम करायची, ओले मोजे बदलायची आणि तासभर आडवं व्हायची ती जागा असते. म्हणून अंतराला सर्वाधिक महत्त्व द्या. मुख्य ठिकाणांपासून एकाच गाडीने, वाहन न बदलता, वीस मिनिटांत आणि स्थानकापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर असं घर मिळालं तर खोली लहान असली तरी चालेल. लांबची प्रशस्त खोली घेतली की दुपारी परतणं जमत नाही आणि सगळा दिवस मुलांना ओढत काढावा लागतो.

आरक्षणापूर्वी घरमालकाला किंवा हॉटेलला लेखी विचारा : गरम हवा चोवीस तास चालते का, की रात्री बंद होते? खोलीत कपडे वाळत घालायला रॅक किंवा गरम होणारी नळ्यांची जाळी आहे का? लिफ्ट आहे का, आणि ती तळमजल्यापासून सुरू होते का? जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोहोचायलाच दहा पायऱ्या असतात आणि बाबागाडी उचलावी लागते. दोन खोल्या घेत असाल तर ‘शेजारच्या’ आणि ‘आतून दार असलेल्या’ यांत फरक आहे. लहान मुलांसाठी दुसरीच हवी आणि ती लेखी कबूल करून घ्या. नुसती ‘विनंती’ म्हणून नोंदवलेली खोली मिळेलच असं नाही. भाड्याचं घर घेतलं तर किल्ली कोण देणार आणि विमान रात्री अकराला आलं तर काय, हे ३१ डिसेंबर किंवा २५ डिसेंबरसाठी खास विचारा. बऱ्याच शहरांत माणशी रात्रीचा पर्यटनकर वेगळा द्यावा लागतो, तो संकेतस्थळावरच्या किमतीत दिसत नाही.

रद्द करता येणारं आरक्षणच घ्या. हिवाळ्यात मुलांना सर्दी-ताप येण्याची शक्यता बरीच असते. दर थोडा जास्त पडला तरी तो सार्थकी लागतो.

पायरी ५ : तिकिटं

वेळेची तिकिटं लागणारी ठिकाणं आधी ठरवा, पण दिवसाला एकच. इथे एक चूक वारंवार होते : लूव्रसारख्या संग्रहालयात १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे म्हणून पालक फक्त स्वतःची तिकिटं काढतात. मोफत असलं तरी मुलांच्या नावेही वेळ आरक्षित करायला हवी, नाहीतर दारावर कुटुंबाची ताटातूट होते. लंडनच्या भुयारी रेल्वेत ११ वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर मोफत जातात. अशा सवलती आधी वाचल्या की कितीतरी पैसे वाचतात.

‘सिटी कार्ड’ किंवा सगळ्या ठिकाणांचा एकत्रित पास घ्यायचा मोह होतो. तो दिवसाला तीन-चार ठिकाणं करणाऱ्यांना परवडतो. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे तुमची दोनच होणार आहेत, त्यातलं एक बहुधा मोफत किंवा मुलांना सवलतीचं. दोन्ही बेरजा करून बघा. हिवाळ्यात कुटुंबाला हा पास क्वचितच परवडतो. शिवाय पैसे वसूल करायच्या नादात दमलेल्या मुलांना पुढे रेटलं जातं, ते वेगळंच.

पायरी ६ : दिवसाची आखणी

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. तीन ठोकळ्यांत विचार करा.

सकाळी दहा ते साडेबारा बाहेरचं काम : पूल, चौक, किल्ला, प्राणिसंग्रहालय, चालत बघायची वस्ती. मुलं ताजी असतात आणि उजेड उत्तम असतो. दुपारी साडेबारा ते तीन आतलं : जेवण आणि मग संग्रहालय किंवा मत्स्यालय, नाहीतर सरळ खोलीवर विश्रांती. साडेतीन ते साडेसहा पुन्हा बाहेर, रोषणाई, बाजार, बर्फावरचं स्केटिंग. सातपर्यंत जेवून परत. दुपारचं संग्रहालय आणि विश्रांती यांपैकी एकच निवडा. पाच-सहा वर्षांचं मूल संग्रहालयात तास-सव्वातास रमतं. त्यापुढे ते चित्रं पाहत नाही, तुमच्याकडे पाहतं. जायच्या आधी घरी तीनच वस्तू निवडून मुलांना त्यांचे फोटो दाखवा आणि तिथे त्या शोधायला सांगा.

पाऊस-बर्फ आला तर सकाळ आणि दुपार यांची अदलाबदल करता यायला हवी. म्हणून वेळेचं तिकीट शक्यतो दुपारच्या ठोकळ्यात ठेवा, सकाळ मोकळी राहते.

बाहेर सलग ४५ ते ६० मिनिटांनंतर एक ऊबदार थांबा हवाच. तो आधी नकाशावर टिपून ठेवा : ग्रंथालय, मोठं रेल्वे स्थानक, झाकलेली बाजारपेठ, संग्रहालयाचा मोफत तळमजला. शौचालय जिथे दिसेल तिथे जायचं, लागलेली असो वा नसो. पाच थर कपडे घातलेल्या चार वर्षांच्या मुलाला ‘आत्ता लागली’ म्हटल्यावर बारा-पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढी ते थांबत नाही.

नकाशाने सांगितलेल्या चालीच्या वेळेला पावणेदोनने गुणा. वीस मिनिटांची पस्तीस होतात. बाबागाडी असेल तर स्थानकांत लिफ्ट आहे का ते बघा. पॅरिसच्या मेट्रोत १४ क्रमांकाची मार्गिका सोडली तर लिफ्ट नसलेली स्थानकं खूप आहेत, तिथे बस सोयीची. बसमधून शहरही दिसतं.

स्केटिंगला हातमोजे लागतात, ते ओले होणार हे धरून जादा जोड ठेवा. पहिल्यांदाच उतरणाऱ्या लहानग्यांसाठी धरून ढकलायचा आधार मिळतो का ते विचारा. ते संपलेले असतील तर अर्धा तास तुमच्या कमरेचा जातो.

जेवणाचं २४, २५ आणि ३१ तारखेचं टेबल आधी राखून ठेवा. उघडी असलेली बरीच ठिकाणं त्या दिवशी ठरावीक थाळीच देतात. मुलांसाठी वेगळं मिळेल का हे विचारून घ्या.

पायरी ७ : कपडे

एक जाड जाकीट घालण्यापेक्षा तीन थर बरे : अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं, मध्ये लोकरी किंवा फ्लीस, बाहेर वारा-पाणी अडवणारं. अंगालगत सुती बनियन नको. घाम आला की सूत तो धरून ठेवतं आणि थांबल्यावर अंग गार पडतं. दुकानांत, मेट्रोत चांगलंच गरम असतं, तिथे आत जाताच बाहेरचा थर काढायची सवय लावा.

बाबागाडीत बसलेलं बाळ हालचाल करत नाही. ते चालणाऱ्या मोठ्यांपेक्षा खूप आधी गारठतं, आणि नेमकं तेव्हा ढकलणाऱ्याला उकडत असतं. बाळाचे हात गार आहेत का यावरून नव्हे, तर मानेमागे हात घालून ऊब तपासा. पावसाचं प्लास्टिक आवरण घातलं तर हवेची फट मोकळी ठेवा. मोटारीतल्या मुलांच्या आसनावर जाड जाकीट घालून पट्टा लावू नका. जाकीट दबतं आणि पट्टा सैल राहतो. आधी पट्टा आवळा, वरून जाकीट पांघरा.

बुटांचे दोन जोड, जाड मोज्यासह मापून घेतलेले. घट्ट बुटात पाय जास्त गार पडतात. नवे बूट निघण्यापूर्वी दोन आठवडे रोज घालायला लावा. सॅकमध्ये प्रत्येक मुलामागे एक जादा मोज्यांचा जोड, आणि ओले मोजे ठेवायला पिशवी. ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि एकदा बदला. हीटरला चिकटवून ठेवू नका, सोल सुटतो.

थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. तो आतल्या खिशात ठेवा आणि तिकिटं, पत्ता, आरक्षणाचे क्रमांक कागदावरही असू द्या. पॉवर बँक विमानात केबिनमध्येच न्यावी लागते आणि सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. २०,००० एमएएचची चालते.

पायरी ८ : हरवणं आणि आजारपण

रोज सकाळी निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. मनगटावर तुमचा फोन नंबर देशाच्या कोडसह लिहिलेला पट्टा बांधा. बाहीखाली जातो म्हणून तो जाकिटाच्या आतल्या खिशातही लिहा. मेट्रोसाठी एक नियम घरीच पाठ करून घ्या : दार बंद होऊन कुणी आत राहिलं तर त्याने पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच फलाटावर थांबायचं, आणि बाहेर राहिलेल्याने पुढच्या गाडीने तिथे जायचं. मात्र मूल एकटं बाहेर राहिलं तर त्याने जागेवरून हलायचं नाही, मोठ्यांनी परत यायचं.

तापाचं औषध मुलांच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून, मूळ वेष्टनात आणि केबिनच्या बॅगेत न्या. सणाच्या दिवशी औषधांची नेहमीची दुकानं बंद असतात, पण बऱ्याच शहरांत आळीपाळीने एक उघडं असतं. त्याची यादी कुठे मिळते ते हॉटेलला पहिल्याच दिवशी विचारा. युरोपीय संघात आणि भारतात आपत्कालीन क्रमांक ११२.

शेवटचा दिवस

खोली साधारण अकराला सोडावी लागते आणि विमान संध्याकाळचं असतं. सामान हॉटेलात ठेवता येतं का, ते आधी विचारा. भाड्याच्या घरात बहुधा येत नाही, मग स्थानकावरचं सामानघर शोधावं लागतं आणि सुट्टीत ते दहाच्या आत भरतं. या दिवसासाठी वेळेचं तिकीट ठेवू नका. जवळची बाग, राहून गेलेली एखादी गल्ली, मुलांना आवडलेलं ठिकाण पुन्हा एकदा, एवढंच. ओले बूट वेगळ्या पिशवीत घालून सामानात टाका, कोरडा जोड पायात ठेवा. एकेक कोरडा कपड्यांचा जोड हाताशी राहू द्या, कारण बर्फ काढण्यासाठी विमान जमिनीवरच तासभर थांबलं तर सामानातली बॅग उघडता येत नाही.